विश्रामबाग क्रोकेट मंडळाकडून संस्थापक दाजींस

विश्रामबाग, सांगली
शिमग्यानंतरचा पहिला रविवार

तीर्थस्वरूप दाजी,

मेहुणीनं दाजींपुढं किती वाकावं याचा आपल्याकडं पक्का नियम नाही. तेव्हा ऑपरेशननंतर तुमचा गुडघा जेवढा वाकतो तेवढीच मीही वाकले आहे, असं समजून नमस्कार पदरात घ्यावा. तब्येत कशी आहे? नेहमीसारखं नुसतं 'बरी हाय' म्हणून सोडून देऊ नका. झोप, भूक, चालणं, श्वास, सगळं सविस्तर कळवा. तुम्ही खडखडीत असावं असं मला नेहमीच वाटतं, पण या आठवड्यात वाटलं तेवढं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. मंगलअक्काला नमस्कार वेगळा लिहीत नाही. लिहिला की ती म्हणणार, अंजीचं कायतरी काम निघालंय. (काहीही काम निघालेलं नाही.)

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर तुम्ही मधे बोलता. सुभेदारकीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी 'आगे बोलो' म्हणायची तुमची सवय गेलेली नाही. शिवाय अक्का फोन स्पीकरवर टाकते, आणि मग माझं म्हणणं गोठ्यातल्या म्हशीसकट निम्म्या कोरेगावाला कळतं. पत्राचं बरं असतं. एकदा सुरू झालं की वाचणाऱ्याला मधे हात वर करता येत नाही.

तर कारण आनंदाचं आहे. आपलं मैदान वाचलं. तुम्ही कोरेगावला राहायला गेल्यापासून आपल्या मंडळाचं काय होणार याची तुम्हाला काळजी होती (मला नव्हती, मला फक्त राग होता, कारण जाताना तुम्ही चिटणीसपद माझ्या गळ्यात टाकून गेलात आणि चेंडू टोलायची चांगली मोगरी मात्र पेटीतून काढून सोबत नेलीत. अक्का त्या मोगरीनं गोधड्या बडवते असं कळलं.) आता काळजी सोडा. विश्रामबाग क्रोकेट मंडळ आजच्या घडीला सांगली जिल्ह्यातलं पहिल्या क्रमांकाचं क्रोकेट मंडळ आहे. दुसरं नाही, ही गोष्ट वेगळी, पण पहिला क्रमांक तो पहिला क्रमांक.

तुमच्या डोळ्यांपुढं ते जुने दिवस असतील. छावणीतल्या ऑफिसर मेसनं मोडीत काढलेली ती लांबडी पेटी तुम्ही रेल्वेच्या सामानातून घेऊन आलात, तेव्हा अक्काला वाटलं संदूकभर चांदीची भांडी आणली. उघडून बघते तर चार लाकडी चेंडू, चार मोगऱ्या, काही लोखंडी कमानी आणि एक खुंटी. ती चार दिवस बोलली नव्हती. पण सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर तुम्ही कमानी रोवल्यात, मिशीला पीळ दिलात आणि निळा चेंडू कमानीतून असा काढलात की बाल्कनीत कपडे वाळत घालणारी माणसं जागच्या जागी थांबली. कोणी विचारलं, कुणाच्या लग्नाचा मांडव पडतोय? कोणी विचारलं, क्रिकेटचा कुठला प्रकार? (हा विनोद आता आम्ही पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत करू देतो आणि मग विसरून जातो.) खेळ आम्हाला कळायला मात्र वेळ लागला नाही. आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूवर आपटायचा, मग त्याला खेटून ठेवायचा आणि असा टोला द्यायचा की आपला कमानीपुढं आणि त्याचा गटारात. हे इंग्रजांनी शोधलं म्हणतात. मला पटत नाही. बांधाला बांध लागलेले दोन भाऊ ज्या मुलखात आहेत तिथंच हे सुचलं असणार. इंग्रजांनी फक्त वर पांढरे कपडे घातले.

आपली ओळखही तुम्हीच ठरवून दिलीत. शेजारच्या बागेतलं हास्य मंडळ सकाळी हात वर करून हसतं, बॅडमिंटनवाले एका रंगाचे टी-शर्ट घालून मोबाईलवर फोटो टाकतात. आपल्याकडं हसायचं नाही, ओरडायचं नाही, आणि दुसऱ्याचा चेंडू घालवला तर माफी मागायची नाही. एवढे तीनच नियम. तुमच्या माघारी आम्ही ते पाळलेत. माझ्यासारख्या बाईला मैदानावर तासभर गप्प उभं करणारा हा जगातला एकमेव खेळ आहे, असं आमचे हे सगळ्यांना अभिमानानं सांगतात.

आता संकटाकडं येते. आपल्या सोसायटीचे चेअरमन शांतिनाथ मगदूम तुम्हाला माहीतच आहेत. हळदीच्या व्यापारात हयात गेली, त्यामुळं कुठल्याही वस्तूकडं बघताना त्यांचा अंगठा आपोआप तर्जनीवर घासला जातो. तसा तो आपल्या मैदानाकडं बघून घासला गेला. त्यांच्या मनात तिथं सोसायटीचं बहुउद्देशीय सभागृह आलं. (बहुउद्देशीय म्हणजे बारशापासून मुंजीपर्यंत सगळं भाड्यानं.) मी भेटायला गेले. म्हणाले, "सरगर बाई, वर्षातनं बारा महिने त्या जागेवर पाच-सहा माणसं काठ्या घेऊन गप्प उभी असत्यात. त्याला वापर म्हणायचा का राखण म्हणायचं?" मी म्हटलं, खेळ आहे. ते म्हणाले, "मग बाहेरचा संघ बोलवा. सगळ्यांच्या देखत एक सामना सुरुवातीपास्नं शेवटापतूर खेळून दाखवा. मी सभागृहाचा विषय काढत न्हाई. न्हाई जमलं तर उन्हाळ्यात पाया."

यात आणखी एक पदर असा, की मंडळातली सगळ्यात भारी खेळाडू कोण, तर चेअरमनांच्याच सौभाग्यवती, गुणमालाकाकू. रस्त्यात मुंगी दिसली तर त्या पाऊल हवेत धरतात. पण समोरच्याचा तांबडा चेंडू दिसला की त्यांच्यात काहीतरी उतरतं. घरी या विषयावर त्यांनी नवऱ्याशी अवाक्षर काढलं नाही. मला एवढंच म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात. मोगरी हाय की."

साताऱ्याच्या क्लबाला बोलावलं. त्यांचे कप्तान रविराज शिर्के, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पाणी सोडताना लागतो तसला संयम त्यांच्या अंगी अजून आहे. लगेच हो म्हणाले. स्पर्धेला तुमचं नाव द्यायचं हे मी एकटीनं ठरवलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. 'सुभेदार बाळासो दडस चषक'. तुमचा तो गणवेशातला, पीळदार मिशीचा फोटो मी फ्लेक्सवाल्या शिवतेजकडं दिला. चषक उंच आहे. वरती एक माणूस बॅट घेऊन उभा होता, त्याची बॅट आम्ही कानशीनं घासून मोगरीसारखी केली.

एकच अडचण, गवत. ते पिवळं पडलं होतं. साताऱ्याचे लोक हिरवळीवर खेळतात असं ऐकून होते, आणि आपण त्यांना वाळलेल्या चटईवर बोलवायचं? तेव्हा माझ्यातली धनगराची लेक जागी झाली. दाजी, आपल्या बापजाद्यांनी ज्या शेतात मेंढरं बसवली ते शेत पुढच्या हंगामाला कसं उठतं हे मी तुम्हाला सांगायला नको. शेतकरी धान्य देऊन, चहापाणी करून आपली मेंढरं शेतात बसवून घेतात, आणि आपल्याच मैदानाला युरियाची पिशवी? माझा चुलतभाऊ बिरदेव कळप घेऊन उसाच्या पट्ट्यात उतरलाच होता. त्याला सांगितलं, शिमग्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या मैदानावर मेंढरं बसव, म्हणजे सामन्यापर्यंत गवत वर येईल. तो म्हणाला, "व्हय अक्का, येतो की." कवा, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इथं चूक झाली. माझी नोकरी कॉलेजच्या ऑफिसातली, मी तारखेवर चालते. त्याचं घर चाऱ्यावर चालतं. कवलापूरच्या शेतकऱ्यानं त्याला ठेवून घेतलं, आणि बिरदेव आला तो सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी.

सोसायटीच्या फाटकातून शे-दीडशे मेंढरं आत आली तेव्हा हास्य मंडळ पहिल्यांदा मनापासून हसलं. मी बिरदेवला म्हटलं, आता परत ने. तो घोंगडं अंथरून खाली बसला. आवतण देऊन बोलावलेली मेंढरं बसवल्याशिवाय परत धाडायची, हे तुमच्या-माझ्या घराण्यात कधी झालंय का? मी चहा टाकला. मेंढरं बसली.

सकाळी बघते तर मैदानावर गवत म्हणून काही उरलं नव्हतं आणि लेंड्या म्हणून सगळं उरलं होतं. शिवाय कमानींना गुंडाळलेल्या झेंडूच्या माळा फस्त. मंडळातले सगळे, निवृत्त स्टेट बँकवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत, खराटे घेऊन उतरले. आणि कुणीही तक्रार केली नाही, कारण मैदानावर बोलायचं नाही हा नियम. मला त्या क्षणी मंडळाचा केवढा अभिमान वाटला. (डॉक्टर नंतर फाटकाबाहेर जाऊन बोलले. बरंच बोलले.) बिरदेवनं कळप बाहेर काढला, फक्त एक मेंढी उठेना. ती शेवटच्या कमानीजवळ पाय दुमडून बसली होती. बिरदेवनं तिच्या पोटाला हात लावला आणि म्हणाला, "हिचं आज हाय."

अशा स्थितीत साताऱ्याची गाडी आली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोप्यांत. खाली उतरले, मैदानाकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं आणि सातारी सभ्यतेनं आभाळाकडं पाहिलं. पण सुरुवात इतकी देखणी झाली की तुम्ही असायला हवे होतात. तुमचा मोठा फोटो, त्यापुढं समई. चेअरमननी हार घातला. सोसायटीतल्या बायकांनी फुलं वाहिली. शिर्केसाहेबांनी टोपी काढली, तसा त्यांचा सगळा संघ टोप्या काढून उभा राहिला. दोन मिनिटं मैदानावर पान हललं नाही. जिवंतपणी माणसाला असा मान क्वचित मिळतो, दाजी.

सामना जोडीचा होता. आमच्याकडून मी आणि गुणमालाकाकू. त्यांच्याकडून शिर्केसाहेब आणि त्यांच्या पत्नी समीक्षाताई. जमीन मेंढरांनी अशी तासली होती की चेंडू मोगरी लागताच पळायचा, आणि एखादी चुकार लेंडी लागली की वळायचा. साताऱ्याच्या मंडळींना हिरवळीची सवय, त्यांचा हिशेबच चुकला. आम्हालाही सवय नव्हती, पण आमचा हिशेब कधीच नसतो. काकूंनी समीक्षाताईंचा पिवळा चेंडू एकदा वॉचमनच्या खोलीखाली घातला, एकदा गटारात. दोन्ही वेळा माफी मागितली नाही. समीक्षाताई म्हणाल्या, "काकू, तुम्ही फार शांत आहात हो." काकू म्हणाल्या, "सवय हाय."

आम्ही पुढं होतो. तेवढ्यात मेंढी व्याली.

खेळ थांबला. थांबवला कोणी नाही, पण सगळे मोगऱ्या टाकून तिकडंच गेले. प्रेक्षक इतका वेळ जांभया देत होते ते आता पुढं सरकले. शिर्केसाहेबांनी खिशातून नियमाचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि बराच वेळ पानं उलटून म्हणाले, "झाडाबद्दल आहे, पाण्याबद्दल आहे. बाळंतिणीबद्दल काही नाही." बिरदेव म्हणाला, "आवं, तुमी खेळा की. ती कुठं तुमच्या मदी येतीया." पण कोकरू उभं राहिल्याशिवाय टोला मारायला कुणाचाच हात होईना. काकूंनी घरून गुळाचं कोमट पाणी आणलं, दातांच्या डॉक्टरनी कोकराचं नाक पुसलं (तेवढाच त्यांचा राग गेला). कोकरू उठायचं, पडायचं, उठायचं. साताऱ्याचे आणि सांगलीचे, सगळे त्याच्या पायांकडं बघत. शेवटी ते उभं राहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपला पहिला नियम मोडला, पण ते सामन्याला धरून नव्हतं असं मी इतिवृत्तात लिहिलंय.

पण यात ऊन कललं. खेळ पुन्हा सुरू होऊन शेवटच्या कमानीपर्यंत आला, आणि पाळी गुणमालाकाकूंची. एक टोला कमानीतून, एक खुंटीवर, की सामना आपला, मैदान आपलं. काकूंनी मोगरी धरली. मग मान वर करून पाण्याच्या टाकीमागं गेलेल्या सूर्याकडं पाहिलं. मोगरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दिवस बुडायला आला. मी जेवून येते."

दाजी, दिवस बुडायच्या आत जेवायचं हे त्यांचं व्रत लग्नाच्या आधीपासूनचं. मी चेअरमनांकडं पाहिलं. तेही उठले होते. त्यांचंही जेवण राहिलं होतं. ज्यांना सामना पुरा झालेला दाखवायचा ते, आणि जिनं पुरा करायचा ती, असे दोघं मैदानातून एकामागं एक निघून गेले. जाताना काकू नवऱ्याला हळूच म्हणाल्या ते मला ऐकू आलं. "शेंगदाण्याची आमटी हाय. सावकाश जेवा. सामना पुरा व्हायचाय अजून."

परत आल्या तेव्हा अंधारून आलं होतं. त्यांचा काळा चेंडू काळ्या मातीवर दिसेना. काकूंनी अंदाजानं टोला मारला. चेंडू गेला, एवढं सगळ्यांनी ऐकलं. तो कमानीतून गेला, असं आपल्या बाजूच्या सगळ्यांनी पाहिलं. साताऱ्याची बाजू काही बोलली नाही. मग शिर्केसाहेब सावकाश तुमच्या फोटोकडं गेले, पुन्हा टोपी काढली आणि म्हणाले, "हा चषक याच मैदानावर राहिला पाहिजे. आम्ही नेणार नाही." त्यांनी तो उचलून काकूंच्या हातात दिला. चेअरमन पुढं आले. आमटीचा हात पुसत होते की डोळे, ते अंधारात कळलं नाही. म्हणाले, "इथं सभागृह होणार न्हाई. मी हाय तोपतूर न्हाई." आणि सगळे पुन्हा गप्प उभे राहिले. गप्प उभं राहण्यात आपलं मंडळ किती पुढं आहे हे त्या दिवशी सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांनी पाहिलं.

दाजी, तुम्ही ती पेटी आणली नसती तर आम्ही सगळे आपापल्या बाल्कनीत म्हातारे झालो असतो. हे एकदा लिहायचं होतं, ते लिहिलं. कोकराचं नाव बिरदेवनं 'सुभेदार' ठेवलं आहे. गुडघ्याला शेक देत चला.

तुमची, मैदानावर गप्प आणि एरवी तुम्हाला ठाऊक असलेली,
अंजना

ता. क. चेंडू सकाळी सापडला. मेंढी बसली होती त्या जागी, कमानीच्या अलीकडं. मी तो पेटीत ठेवला आणि इतिवृत्तात 'चेंडू मिळाला' एवढंच लिहिलं. शिर्केसाहेबांनी चषक का सोडला, असं तुम्हाला वाटलं असेल. त्याचं कारण खाली.

ता. क. २. शिवतेज फ्लेक्सवाल्याला मी 'सुभेदार बाळासो दडस चषक' असंच लिहून दिलं होतं. पण त्याच्याकडं चषक दोनच प्रकारचे होतात, वाढदिवसाचा आणि स्मृतीचा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर केकचं चित्र असतं, ते तुमच्या गणवेशाला शोभेना, म्हणून त्यानं स्वतःच्या अकलेनं 'कै.' लावून 'स्मृती चषक' केलं, आणि मिशीमागं उगवता सूर्य टाकला. फ्लेक्स सकाळी बांधला तेव्हा मी खराटा मारत होते. वर बघितलं तोवर चेअरमननी हार घातला होता आणि साताऱ्याच्या टोप्या उतरल्या होत्या. त्या शांततेत 'दाजी कोरेगावात आहेत, सकाळीच दूध घालायला गेले असतील' असं मी कसं ओरडणार? ओरडायचं नाही हा नियमही तुमचाच. मंडळातल्या सगळ्यांना खरं माहीत आहे. गुणमालाकाकूंना मी विचारलं, काय करायचं? त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलणार न्हाई. पण ह्यांनी अजून मला विचारल्यालं न्हाई." तेव्हा मैदान वाचलं ते तुमच्यामुळंच, हे मी वर लिहिलं त्यात काही खोटं नाही.

ता. क. ३. सोसायटीनं मैदानाला तुमचं नाव द्यायचं ठरवलं आहे. पाडव्याला पाटीचं अनावरण आहे, आणि ते वीरपत्नी मंगलताईंच्या हस्ते व्हावं असा चेअरमनांचा आग्रह आहे. (वीर कसे, असं मी विचारलं. म्हणाले, फोटोवरनं दिसतंय की.) अक्का कुंकू लावून, हिरव्या बांगड्या भरून आली तरी चालेल. आपल्या भागात आता गावोगाव विधवांच्या त्या जुन्या प्रथा बंद करायचे ठराव झालेत, तेव्हा उलट टाळ्याच पडतील. पण ती म्हणते, मी एकटी येणार न्हाई. म्हणून एवढीच विनंती, तुम्हीही यावं, स्वतःचे थोरले भाऊ म्हणून. त्यासाठी मिशी काढावी लागेल. फोटोत सगळ्यात आधी तीच दिसते. नंतर हवे तितके दिवस राहा आणि खेळा. नव्या सभासदाला पहिल्या कमानीपासून सुरुवात करावी लागते. मोगरी कशी धरायची ते गुणमालाकाकू दाखवतील, तेवढं मुकाट्यानं शिकून घ्या.

अक्काला मी फोनवर, स्पीकर बंद करायला लावून, निम्मं सांगितलं आहे. ती म्हणाली, "ते येऊ देत न्हाईतर न येऊ देत, मिशीचं माझ्याकडं लागलं."